वाचक विचारतात : पोरांना घेऊन रानात

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : 'मुलांना घेऊन गेलो, पण काही दिसलंच नाही.' ठिकाण सहसा चुकत नाही. चुकतो तो महिना आणि त्याहून जास्त वेळा चुकतो तास. म्हणून खालच्या उत्तरांत रस्त्यापेक्षा घड्याळ जास्त आलं आहे. प्रवेशशुल्क आणि फाटक उघडण्याच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

प्रश्न : गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत कासच्या पठारावर फुलं पाहायला गेलो. धुकं, गाड्या आणि माणसांच्या पाठी, एवढंच पाहून परतलो. मुलं सहा आणि नऊ वर्षांची, सोबत सासूबाई. यंदा पुन्हा जावं का? – एक वाचक, कराड

उत्तर : जा, पण रविवार आणि सलग सुट्ट्या सोडून. ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि एका दिवसात किती जणांना सोडायचं याला मर्यादा आहे, तरीही सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागतेच. मुलांची एक मंगळवारची शाळा बुडाली तर काही बिघडत नाही.

पठार सातारा शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आणि जवळपास १२०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे साताऱ्यात पोवई नाक्यावर ऊन आहे म्हणजे वरही ऊन असेल, असं धरून चालू नये. धुकं आलं की लोक गाडी वळवतात, ही पहिली चूक. ढग सरकत असतात. अर्धा तास थांबलात तर बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांची मोकळीक मिळते आणि ओली फुलं त्या उजेडात सर्वांत चांगली दिसतात.

फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीनं येतात. सुरुवातीला चवर. मग गेंदाचे पांढरे गोंडे आणि तेरड्याचा गुलाबी रंग. सप्टेंबरच्या मध्यापासून सोनकी आणि मिकी माऊस, म्हणजे कवला, सगळं पिवळं करून टाकतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की गवत रंग बदलू लागतं. पावसानं ओढ दिली किंवा तो लांबला तर हे वेळापत्रक आठ-दहा दिवस पुढंमागं होतं. गुलाबी आणि पिवळा, दोन्ही रंग गाठायचे असतील तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.

आता मुलांचं. फुलांच्या गालिच्याचं कौतुक मोठ्यांना. सहा वर्षांच्या मुलाला त्यात दोन मिनिटांच्या वर रस नसतो. त्याला किडे खाणारी झाडं दाखवा. कासचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, जांभ्या दगडाचा आहे, वर मातीचा थर पातळ, आणि चार महिन्यांच्या पावसात त्यातला नत्र वाहून जातो. ही तूट काही वनस्पती किडे पकडून भरून काढतात. पाणी झिरपणाऱ्या जागी बोटभर उंचीच्या काडीवर निळी-जांभळी फुलं दिसतात ती सीतेची आसवं. त्यांचे सापळे मातीखाली असतात : टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे, जे पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. दवबिंदूचा सापळा मात्र उघड्यावर असतो. पानावर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, दवासारखा. मुंगी किंवा चिलट चिकटलं की केस हळूहळू त्याच्याकडे झुकतात.

हे पाहायला दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग लागतं आणि ते वापरायची रीत ठाऊक असावी लागते. मुलं भिंग हात लांब करून धरतात, मग सगळं पुसट दिसतं आणि भिंग खिशात जातं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि डोकंच वस्तूकडे न्यायचं. अडीच सेंटीमीटरच्या आसपास आलं की चित्र एकदम स्वच्छ होतं. झाड उपटून डोळ्याजवळ आणायचं नसल्यामुळे गुडघ्यावर बसावं लागतं. त्यासाठी जुन्या रेनकोटचा तुकडा किंवा बारदान न्या आणि पायवाटेवरच अंथरा. वाटेच्या कडेला पाऊलभर आत गेलेला पायही तिथली रोपं चिरडतो, आणि त्यामागून येणारे वीस जण तिथंच पाय देतात.

मुलांना आणखी एक काम द्या : पाण्याच्या डबक्यांत दोन फांद्यांचा तुरा शोधायचा. तो वायतुरा. साताऱ्याच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं आहे आणि सह्याद्रीतल्या अशा सड्यांपलीकडे तो भेटत नाही.

सासूबाईंसाठी : जांभ्यावर शेवाळ धरतं आणि सपाट दिसणारी वाट घसरडी असते. खाचांच्या रबरी तळाचे बूट आणि काठी हवीच. दीड किलोमीटरच्या वर चालायचा बेत आखू नका. दोन तास पुरे.

प्रश्न : सागरेश्वर अभयारण्यात दिवसभर हिंडलो. दोन हरणं लांबून दिसली, मुलगा कंटाळला. तिथं खरंच प्राणी आहेत का? – एक पालक, विटा

उत्तर : आहेत. सांबर, चितळ, काळवीट तिन्ही आहेत. 'दिवसभर हिंडलो' या दोन शब्दांत तुमचं उत्तर आहे. सांबर पहाटे आणि संध्याकाळी हलतं, सकाळी दहानंतर सावलीत बसतं. अकराच्या उन्हात पाच जणांचं कुटुंब बोलत चाललं तर ते उठतसुद्धा नाही, तसंच बसून तुम्हाला जाऊ देतं.

असं करा. फाटक उघडतं त्या वेळेला दारात हजर राहा. पहिला अर्धा किलोमीटर न बोलता चाला आणि वाऱ्याकडे तोंड करून बसता येईल अशी जागा निवडा. वारा तुमच्या पाठीकडून पुढे वाहत असेल तर तुमचा वास आधी पोहोचतो. तिथं चाळीस मिनिटं बसा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं जमतात, पण हाताला काम हवं. वहीत दर पाच मिनिटांनी ऐकलेला एक आवाज लिहायचा, आवाजाच्या दिशेला बाण काढायचा. आवाज ओळखता आला नाही तरी चालतं, 'टक-टक, उजवीकडे' एवढंही पुरतं. चितळाची तीक्ष्ण शीळ किंवा सांबराचा ठणठणीत 'ढांक' ऐकू आला तर सगळ्यांनी त्या दिशेला पाहायचं. त्यांना काहीतरी दिसलेलं असतं.

सगळ्यात सोपा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंतचा. पानं झडलेली असतात आणि या डोंगरावर बारमाही पाणी नसल्यामुळे जनावरं कृत्रिम पाणवठ्यांवर येतात. मात्र पाणवठ्याच्या अगदी काठाशी जाऊन बसू नये. तहानलेलं जनावर माघारी फिरतं आणि त्याची पाळी दुपारच्या उन्हापर्यंत लांबते.

माहिती केंद्र आणि फलक सकाळी पाहू नका. सकाळचे दोन तास जंगलाला द्या, साडेदहानंतर केंद्रात जा. तोपर्यंत मुलानं पायांचे ठसे, लेंड्या, शिंगं घासून सोललेलं खोड पाहिलेलं असतं, म्हणजे फलकावर त्याची उत्तरं सापडतात. उलट क्रमानं गेलं तर फलक म्हणजे आणखी एक धडा होतो.

मुलाला हे जरूर सांगा की तो ज्या झाडीत उभा आहे ती माणसांनी उभी केली आहे. हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेतला, लोकांनी झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. वरून कृष्णेचं खोरं आणि ऊस पाहिला की कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा फरक सांगावा लागत नाही. पायथ्याला सागरेश्वराची जुनी देवळं आहेत, आणि शेजारचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. दुपार तिथं जाईल.

गळून पडलेलं सांबरशिंग सापडलं तर फोटो काढा आणि तिथंच ठेवा. ते घरी नेणं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि 'पडलेलंच होतं' ही सबब चालत नाही.

प्रश्न : मुलीला दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार २०×५० म्हणतो, तिला चंद्रसुद्धा दिसेल म्हणे. – वाई

उत्तर : घेऊ नका. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीसपटीत हाताची थरथरही वीसपट होते, पक्षी चौकटीत टिकत नाही. मुलांसाठी ८×३२ किंवा हलकी ८×३० योग्य. ८×४२ संध्याकाळी उजळ दिसते, पण बारा वर्षांखालच्या मानेला जड पडते.

दुकानातच एक तपासा. मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं. दुर्बिणीची दोन्ही नळकांडी पुरेशी जवळ आली नाहीत तर मुलीला दोन वेगळी वर्तुळं दिसतील. ती 'दिसतंय' म्हणेल, कारण दुर्बीण हवी आहे. तिला विचारा, 'वर्तुळं किती?' एक म्हणाली तरच घ्या.

मग जुळवणी. उजव्या भिंगावर टोपण घाला, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवरची अक्षरं स्वच्छ करा. आता टोपण डावीकडे, आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबर आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेच्या आड आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की फांदी हरवते. घराच्या गच्चीवरून समोरच्या तारेवरचे वेडे राघू आणि पारवे यांच्यावर आठवडाभर सराव झाला की तलावाकाठी रडारड होत नाही.

प्रश्न : मायणीच्या तलावावर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला दोनदा गेलो, एकदाही नव्हते. नेमके कधी येतात? – दहिवडी

उत्तर : हिवाळ्यात, पण दरवर्षी आणि ठरल्या दिवशी नाही. रोहित चोच उलटी करून चिखलपाण्यातून अन्न गाळून खातो, त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस दणकून झाला आणि तलाव तुडुंब राहिला तर त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. तो उशिरा येतो किंवा दुसरा तलाव गाठतो. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरऐवजी फेब्रुवारी-मार्च धरावा, आणि मायणीबरोबर येरळवाडीच्या तलावाचीही चौकशी करावी. काठावरच्या गावात फोन करून 'पाणी कुठवर आहे आणि चिखल उघडा पडला का' एवढं विचारा, पक्षी आहेत का ते नंतर.

फक्त रोहितांसाठी जाल तर निराश व्हाल. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, वारकरी, चमचा यांतले चार तरी सहसा असतात, आणि लहान मुलांना शेकाट्याचे लांब लाल पाय रोहिताइतकेच आवडतात. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा काठावर थांबा. पक्ष्यांनी माना वर करून चालायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथून दहा पावलं मागं या. थवा उडवून फोटो काढणाऱ्यांच्या शेजारी तर उभंच राहू नका.

प्रश्न : मे महिन्यात मुलं घरी असतात आणि बाहेर बघण्यासारखं काही नसतं. सुचवा. – सातारा

उत्तर : काही नसतं कसं? मेमध्ये साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांखालच्या उघड्या दगडांवर तिथला सुपर्बा सरडा दिसतो. याच पठारावरून त्याची नवी जात म्हणून २०१६ मध्ये नोंद झाली. विणीच्या दिवसांत, म्हणजे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत, नर उंच दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो : निळा, काळा, नारिंगी. पंखा क्षणभर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. शेजारच्या नराला हा इशारा असतो आणि मादीला आमंत्रण.

सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली. नंतर दगड तापतात आणि सरडे आडोशाला जातात. चालत शोधू नका. एक उंचवटा निवडा, दहा मीटरवर बसा आणि दुर्बिणीनं आसपासचे दगड एकेक तपासा. दिसला की मुलांना मोजायला लावा : पाच मिनिटांत पंखा किती वेळा उघडला, समोर दुसरा नर आल्यावर किती वेळा.

वयानं मोठ्या मुलांना यातली पुढची गोष्ट सांगता येईल. याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आढळले आणि सरडे जास्त. शिकाऱ्याची धास्ती कमी झाल्यामुळे तिथले सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, पण गर्दीमुळे त्यांची अंगकाठी मात्र खालावलेली होती. पवनचक्कीखाली उभं राहून आकाशात घारी-शिक्रे मोजले की मुलांना हे लगेच पटतं.

पठारावर सावली नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि बाराच्या आत गाडीत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या मुलांकडून प्राण्यांच्या पायांचे ठसे प्लास्टरमध्ये घ्यायचे आहेत. मागच्या वेळी सगळे ठसे भुगा होऊन हातात आले. – एक शिक्षिका, वाळवा तालुका

उत्तर : ठसे भुगा होण्याची दोनच कारणं. पाणी जास्त झालं, किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस जुनं होतं. उघड्या पुड्यातलं प्लास्टर हवेतली ओल धरतं, मग ते दगड होतच नाही. निघण्यापूर्वी चमचाभर कालवून पाहा. अर्ध्या तासात नख रुतत नसेल तर घ्या.

अभयारण्यात जायची गरज नाही, तिथं हे करूही नये. ओढ्याकाठी किंवा नांगरलेल्या रानाच्या ओल्या कडेला कुत्रा, मांजर, शेळी, मुंगूस, बगळा यांचे ठसे भरपूर असतात. पाऊस थांबून एक-दोन दिवस झाले की सकाळी जा, कडा ताज्या असतात.

पत्रिकेच्या जाड कागदाची चार सेंटीमीटर रुंद पट्टी करा. ठशाभोवती गोल लावून टोकं यू-पिननं जोडा आणि सेंटीमीटरभर मातीत दाबा. ठशातली पानं, काड्या चिमट्यानं काढा, फुंकर मारू नका. माती कोरडी भुसभुशीत असेल तर फवारणीच्या बाटलीनं वरून धुक्यासारखं पाणी मारा. आता एक वाटी पाणी घ्या आणि त्यात दोन वाट्या पावडर हळूहळू भुरभुरा. पावडरीत पाणी ओतलं की गोळे होतात. अलगद ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे येतात आणि ठशाच्या बोटांत भोकं पडतात. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं झालं की थेट ठशावर नाही, त्याच्या शेजारी ओता आणि वाहत जाऊ द्या. वरून ओतलं तर नख्यांच्या खुणा पहिल्याच धारेत मोडतात. जाडी अडीच सेंटीमीटर हवी. कुत्र्याच्या ठशाला वरचं माप पुरतं, उरलंच तर दुसरा ठसा घ्या.

मिश्रण घट्ट होताना गरम होतं. हे मुलांना बाहेरून हात लावून बघू द्या, पण ओल्या प्लास्टरमध्ये कोणी हात बुडवून 'हाताचा ठसा' घेऊ नये. त्यानं भाजल्याचे प्रकार झालेले आहेत. अर्ध्या तासानं, थंडीत पाऊण तासानं, भोवतीच्या मातीसकट उचला. माती लगेच घासू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, एक दिवस वाळू द्या, मग दातांच्या जुन्या ब्रशनं पाण्याखाली धुवा. भांडं बेसिनमध्ये किंवा ओढ्यात धुऊ नये. उरलेलं प्लास्टर भांड्यातच वाळवा आणि तुकडे करून कचऱ्यात टाका.

मागच्या बाजूला तारीख, गाव, जमीन कसली ते लिहा. कुत्र्याच्या ठशात सहसा नख्या उमटतात, मांजराच्या कुळात चालताना नख्या आत असतात. एवढ्या एका फरकावर पाचवीचा तास संपतो.

प्रश्न : विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या ३५ जणांना डिसेंबरमध्ये चांदोलीला न्यायचं आहे. त्यात १४ मुलं. – सांगली

उत्तर : पहिल्या सहलीला चांदोली नको. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा तो भाग आहे. मणदूरच्या बाजूनं नोंद करून आत जाता येतं आणि बहुतेक वेळ गाडीतच बसावं लागतं. जंगल घनदाट असल्यामुळे लहान मुलांना गाडीच्या खिडकीतून झाडांपलीकडे फार काही दिसत नाही. गवा दिसला तरी उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन कुटुंबं, दहा वर्षांवरची मुलं असा बेत असेल तर चांदोली उत्तम. पावसाळ्यात ते बंद असतं.

३५ जणांसाठी मिरजेकडचा दंडोबाचा डोंगर घ्या. सकाळी सातला पायथ्याशी, अकराला परत. मोठा घोळका करू नका. अकरा-बारा जणांच्या तीन टोळ्या, दोन टोळ्यांत पंधरा मिनिटांचं अंतर. प्रत्येक टोळीत पुढं एक मोठा आणि सगळ्यांत मागं एक. मागच्यानं कुणालाही आपल्या मागं राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. चार मुलांमागं एक मोठा माणूस. तासाला एक किलोमीटर हा मुलांचा वेग आहे, त्याहून जास्त अंतर आखलं की शेवटचा तास खांद्यावर घेण्यात जातो. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. हरवल्यासारखं वाटलं की जिथं आहे तिथंच थांबून तीन वेळा वाजवायची, शोधत फिरायचं नाही. हे निघण्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा करून पाहा.

प्रश्न : जळवा, खाजकुयली, मधमाशा, साप. मुलांना न्यायचं म्हटलं की घरातली वडीलमंडळी हीच यादी वाचतात. – पाटण

उत्तर : यादी बरोबर आहे, ऋतू वेगवेगळे आहेत.

जळवा पावसाळ्यात, कोयना-महाबळेश्वरकडच्या ओल्या पाचोळ्यात. पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर मिठाचं पाणी किंवा तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर नख कातडीला लावून सरकवत काढा. काडेपेटीनं चटका देऊ नका. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते बराच वेळ येतं. कापूस दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही.

खाजकुयलीच्या शेंगा पावसाळा संपल्यावर पिकतात. सोनेरी-तपकिरी मखमल दिसली की मुलं हात लावतातच. खाज सुटल्यावर चोळलं की केस आणखी रुततात. आधी चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीन वेळा नवी पट्टी घेऊन, मग थंड पाण्यानं धुवा. कपडे वेगळे ठेवा.

आग्या मोहोळ कड्याला किंवा उंच झाडाला असतं. अत्तर, धूर, ड्रोन, दगड, आरडाओरडा यातलं काहीही त्याच्या आसपास नको. माश्या उठल्या तर झोडपत उभं राहू नका, तोंड-डोकं कापडानं झाकून पळा आणि गाडीत किंवा घरात शिरा. काटे नखानं लगेच खरवडून काढा. बरेच डंख झाले किंवा ओठ-डोळे सुजू लागले, धाप लागली, तर थेट दवाखाना.

साप : गवतात हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही, बूट घोट्याच्या वर. चावलाच तर मुलाला निजवा, तो हात किंवा पाय काठी बांधून हलू न देता ठेवा, कडं-अंगठी काढा आणि १०८ला फोन करा. आवळून दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, चोखणं यानं नुकसानच होतं. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविषाची लस आहे. लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते हे निघण्यापूर्वी विचारून ठेवलेलं बरं.

प्रश्न : उसात बिबट्या असतो म्हणतात. शिराळ्याकडे संध्याकाळी मुलांना घेऊन काजवे पाहायला जाणं शहाणपणाचं आहे का? – इस्लामपूर

उत्तर : अंधारात उसाच्या कडेनं पायी जाणं शहाणपणाचं नाही, काजवे असोत वा नसोत. काजव्यांसाठी गाडीनं पोहोचता येईल अशी, स्थानिक माणसाला ठाऊक असलेली झाडं निवडा. मुलं मध्ये, मोठे कडेला, आपापसात बोलत राहा. मूल वाकून एकटं बसलेलं नको, कारण बसलेलं मूल बिबट्याला लहान जनावराएवढं दिसतं. समोर आलाच तर पळायचं नाही, मुलाला उचलून उंच व्हायचं, आवाज करायचा आणि मागं मागं सरकायचं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

काजवे मेच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस. जोराच्या पावसात कमी होतात. दिनदर्शिकेत अमावास्या बघून जा. उडत लुकलुकतात ते बहुतेक नर, माद्या खाली झुडपात-गवतात असतात, म्हणून झाडाखाली शिरू नका. गाडीचे दिवे बंद करा. बॅटरीवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन घड्या रबरानं बसवा आणि ती जमिनीकडेच धरा. मोबाइलचा फ्लॅश पडला की आसपासचे काजवे विझतात, आणि तुमचेही डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीस मिनिटं घेतात.

प्रश्न : आमचा पाळलेला कुत्रा फार शांत आहे. सोबत नेला तर? – मिरज

उत्तर : अभयारण्यात नाही. त्याच्यापासून जंगली जनावरांना रोग लागतात, आणि नुसत्या त्याच्या वासानं हरणं ती वाट सोडतात.

प्रश्न : डब्याला काय न्यावं? मुलं भडंगावर खूश असतात. – सांगली

उत्तर : दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी. चार तासांनंतरही चांगलं राहतं आणि कागदाचा कचरा होत नाही. अर्ध्या दिवसाला मुलामागं एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दीड. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या बाटलीत सगळं ओतलं तर ते फार खारट होतं आणि मुलाच्या पोटाला सोसत नाही. माकडं असतील तिथं पिशवी उघडूच नका, गाडीत बसून खा.

भडंग पठारावर नको. वाऱ्यानं चुरमुरे गवतात उडतात आणि ते कुणीही वेचत बसत नाही. मसाल्याचा हात डोळ्याला आणि दुर्बिणीच्या भिंगाला लागतो तो वेगळाच. परतीच्या वाटेवर गाडीत काढा.